थांबण्याची कार्यपद्धती, क्रमांक ३१७

बुद्धरत्नने झेरॉक्स मशीनचे झाकण उचलले तेव्हा काचेवर काहीच नव्हते. त्याने झाकण खाली ठेवले, क्षणभर थांबून पुन्हा उचलले. काच तशीच रिकामी होती, आणि तिच्यात त्याचा स्वतःचा चेहरा खालून दिसत होता. हनुवटी मोठी, डोळे लहान, आणि मध्ये एक घाबरलेले नाक.

चाळीस मिनिटांपूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, क्वालिटी विभागात कोणी नाही असे पाहून त्याने त्या काचेवर एक कागद पालथा ठेवला होता. पेन्सिलीच्या फिकट रेषा प्रतीत उमटतात की नाही, एवढेच पाहायचे होते. प्रत निघाली, रेषा उमटल्या, आणि तेवढ्यात लाइन तीनवरून फोन आला की एकाच ट्रेमध्ये डावे आणि उजवे ब्रॅकेट पुन्हा मिसळले आहेत. प्रत खिशात कोंबून तो धावला. मूळ कागद झाकणाखाली राहिला.

हा कागद कंपनीचा नव्हता, पण दिसायला मात्र हुबेहूब कंपनीचा होता. सगळी पंचाईत तिथेच होती.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी निगडीतल्या एका अभ्यासिकेच्या गच्चीवर वीस-पंचवीस माणसे सतरंजीवर आपापली झाइन मांडून बसत. झाइन म्हणजे स्वतः लिहिलेला, स्वतः चितारलेला आणि स्वतःच झेरॉक्स करून घडी घातलेला छोटा अंक. एका ए-फोर कागदाला मधोमध चीर द्यायची, ठरावीक घड्या घालायच्या, की तळहातावर मावणारी आठ पानांची वही तयार होते. संपादक नाही, प्रकाशक नाही, 'साभार परत' म्हणणारे कोणी नाही. कोणी आजीच्या आजारपणावर अंक काढी, कोणी मोशीच्या कचरा डेपोवर घिरट्या घालणाऱ्या घारींवर. अंकाच्या बदल्यात अंक घ्यायचा आणि कोणाचे नाव विचारायचे नाही, असा तिथला रिवाज होता. बुद्धरत्न आपले अंक सतरंजीच्या कोपऱ्यावर ठेवून पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभा राही. अनोळखी माणूस ते उघडून हसतो की गप्प होतो, एवढे पाहायचे आणि घरी जायचे. त्याच्या आयुष्यातले सगळे धाडस त्या टाकीमागे साठलेले होते.

या खेपेच्या अंकाचे नाव होते 'थांबण्याची कार्यपद्धती'. मोशीच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट कशी पाहावी, हे त्याने सात पायऱ्यांत लिहिले होते. दिवसभर वर्क इन्स्ट्रक्शन, म्हणजे कामगारांसाठी पायरीपायरीच्या सूचनांचे कागद, बनवण्यातच हात गुंतलेला, म्हणून अंकही त्याने गमतीने तसाच सजवला: चौकटी, बाण, आकृत्या, आणि मुखपृष्ठावर 'तयार करणार', 'तपासणार', 'मंजूर करणार' अशी तीन रिकामी घरे. पहिल्या पाच पायऱ्यांबद्दल कोणी काही म्हटले नसते. सहावीत मात्र असे होते: 'वरिष्ठांचा चेहरा उतरलेला दिसल्यास कारण विचारू नये. तो तसाच बसवून मिळालेला आहे.' आणि सातवीत: 'बस आली की तिसऱ्या खिडकीत पाहावे. दिवसभर कागदांवर शिक्के मारणारी एक मुलगी तिथे बसलेली असते. तिने आपल्याकडे पाहिले, तर रस्त्याकडे पाहावे. तिने रस्त्याकडे पाहिले, तर आपण रस्ता असतो तर बरे झाले असते, असे वाटू द्यावे.'

चाकणच्या त्या कंपनीत कागदांवर शिक्के मारणारी मुलगी एकच होती. प्रत्येक कागदाला क्रमांक देणाऱ्या डॉक्युमेंट कंट्रोलची आम्रपाली. त्यामुळे हा कागद कोणाचा, हे कोणालाही कळता कामा नये. कळले तर चाकण सोडावे लागेल, असे बुद्धरत्नचे प्रामाणिक मत होते.

तो आम्रपालीच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. गेल्या महिन्यात डावे-उजवे मिसळलेले ब्रॅकेट पोचल्याच्या तक्रारीवरून गुरुवारी कस्टमरचे ऑडिट होते; तिच्यासमोर कागदांचा ढीग होता आणि ती एका लयीत शिक्के मारत होती.

"मॅडम, झेरॉक्सवर काही राहिलं होतं का?"

"बरंच काही राहतं तिथे. तुमचं काय होतं?"

"काही नाही."

"काही नाही, असं काही सापडलं नाही," ती म्हणाली, आणि पुढचा शिक्का मारला.

रात्रभर तो कूस बदलत राहिला, आणि सकाळी कागद सापडला. लाइन तीनवर, तपासणीच्या टेबलावर, लॅमिनेट करून चिकटवलेला. वर लाल अक्षरांत 'कंट्रोल्ड कॉपी' असा अधिकृत प्रतीचा शिक्का, शेजारी क्रमांक ३१७, आणि मंजूर करणाऱ्याच्या घरात क्वालिटी हेड निरंजन सरांची सही. टेबलाभोवती सकाळच्या शिफ्टची माणसे गोळा झाली होती, कारण फ्लोअरवर आलेला प्रत्येक नवा कागद सगळ्यांना वाचून दाखवायचा आणि 'समजला' म्हणून प्रत्येकाची रजिस्टरवर सही घ्यायची, असा कंपनीचा नियम होता. वाचून दाखवायला उभे होते लाइनचे सुपरवायझर सोपानराव. कुरुळीचे जुने रहिवासी, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, आणि चष्मा कपाळावर.

"ऐका रं. कागुद नवा हाय. वरच्या रांगंतल्या चार चौकटी उलट्या छापल्यात. का उलट्या, सांगा बरं."

सगळ्यांनी माना वाकड्या करून पाहिले. खरे म्हणजे कागदाची घडी घातली की त्या चौकटी आपसूक सुलट होतात. पण लॅमिनेट केलेल्या कागदाची घडी घालता येत नाही, आणि हे ज्याला ठाऊक होते तो खांबाआड उभा होता.

"टेबलाच्या ह्या अंगाला एक मानूस, त्या अंगाला एक," सोपानराव म्हणाले. "ज्यानं त्यानं आपापली बाजू वाचायची. कुनाला मान वाकडी कराया नको. ह्येला डोकं लागतं. आता डावीकडनं सुरू. पयली चौकट, पायरी सातवी."

आणि त्यांनी सातवी पायरी खणखणीत आवाजात वाचली. प्रेस मशीनच्या धडधडीवर मात करून तो 'रस्ता' शेवटच्या माणसापर्यंत पोचला. बुद्धरत्नने खांबाला कपाळ टेकले.

"काका, खिडकी कंची?" सनी नावाच्या ऑपरेटरने विचारले.

"आपल्या लायनीला खिडकी न्हाई. आपल्याला लागू न्हाई. फुडं. पायरी दुसरी. 'आलेल्या पहिल्या बसमध्ये घाईने चढू नये. ती आपलीच आहे का, हे तिच्या तोंडाकडे शांतपणे पाहून ठरवावे.'"

"इथं बस कुठून आली आता?"

"बस म्हंजे ट्रे, शान्या. ट्रे आला की लगीच हात घालायचा न्हाई. तोंड बघायचं. डावा हाय का उजवा. आपला आसंल तर घ्यायचा. गेल्या म्हयन्यात येवढं केलं आस्तं, तर परवा ती ऑडिटची बाई चाकणला कशाला आली आस्ती?"

हे सगळ्यांना पटले. बेचाळीस सह्या झाल्या.

माणसे पांगल्यावर बुद्धरत्न खांबाआडून बाहेर आला. "काका, हा कागद आला कुठून?"

"डॉक्युमेंट कंट्रोलमधनं. शिक्का हाय, नंबर हाय, सायबाची सही हाय. का वो?"

"नाही, सहज. वाचताना वेगळा वाटला नाही तुम्हाला?"

"वाटला की." सोपानरावांनी चष्मा खाली घेतला. "पिंपरीला जुन्या कंपनीत व्हतो, तवा संपाच्या टायमाला असली पत्रकं निघायची. सायक्लोस्टाइलवर. शाई बोटांना लागायची, म्हून मानसं मॅनेजरफुडं जायच्या आधी हात घासून धुवायची. नाव नसायचं कुनाचं. त्यातलं एक म्या लिवलं व्हतं."

"मग? कळलं कोणाला?"

"न्हाई. पस्तीस वर्सं झाली." त्यांनी कागदाचा सुटू पाहणारा कोपरा बोटाने दाबून बसवला. "लई दिस बरं वाटलं, कळलं न्हाई म्हून. आता वाटतं, एखाद्याला तरी कळाया पायजे व्हतं."

बुद्धरत्नला हे ऐकून वाईट वाटले, पण आपल्या कागदाची भीती त्या वाईट वाटण्याहून मोठी होती. तो थेट आम्रपालीकडे गेला.

"मॅडम, तीनशे सतरा नंबर रद्द करता येईल का?"

"येईल की." तिने खणातून फॉर्म काढला. "कारण?"

"चुकून आलाय तो."

"चुकून कसा येईल, अप्रूव्हरची सही आहे त्यावर. पण ठीक आहे, लिहिते. चुकून. आता इथे तयार करणाऱ्याची सही लागेल."

"तयार करणारा माहीत नसेल तर?"

"कागद आपला आपण तयार झाला, असं लिहू का?"

ती पेन उघडे धरून थांबली. बऱ्याच वेळाने तिने टोपण लावले.

"मग तो माणूस सापडेपर्यंत कागद लागू राहणार. प्रोसिजर आहे. मी काय करणार?"

बुधवारी निरंजन सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावले आणि दार लावून घ्यायला सांगितले. त्यांच्यासमोर ३१७ ची फाइलमधली प्रत होती.

"हे पाहिलंस तू?"

"हो सर."

"मीही पाहिलंय. पाहूनच सही केलीय." सोमवारी संध्याकाळी त्यांनी एका बैठकीत बासष्ट कागदांवर सह्या केल्या होत्या, हे सगळ्या विभागाला ठाऊक होते. त्यांनी आवाज उतरवला. "काय आहे रे हे?"

"थांबण्याबद्दल आहे, सर."

निरंजन सरांनी कागद उलटा धरून वरच्या चौकटी वाचल्या. सहाव्या पायरीवर त्यांचे बोट थांबले.

"हे प्लांट हेडबद्दल आहे," सर म्हणाले.

बुद्धरत्नने सरांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहायचे टाळले.

"शंभर टक्के त्यांच्याबद्दल. अचूक लिहिलंय रे. पण असं लिहायचं नसतं. कोणी लिहिलं असेल?"

"माहीत नाही, सर. काढून टाकू का कागद?"

"बेचाळीस जणांचं ट्रेनिंग झालंय त्यावर. कागद काढला तर सह्या कशाच्या म्हणून दाखवायच्या? राहू दे. तू एक काम कर, हा माणूस शोध. तुझं अक्षरांवर चांगलं लक्ष असतं. ऑडिटच्या आधी मला नाव पाहिजे."

अशा रीतीने बुद्धरत्न स्वतःच्या शोधास लागला. विश्वासार्ह दिसावे म्हणून तो हातात प्रत घेऊन स्टोअरपासून डिस्पॅचपर्यंत हिंडला, आणि लोकांच्या रजिस्टरांत डोकावून मान हलवत राहिला. आपले अक्षर कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्या दिवशीच्या रिजेक्शनच्या नोंदी त्याने डाव्या हाताने केल्या. त्या कोणालाच वाचता न आल्यामुळे अकरा चांगले ब्रॅकेट भंगारात गेले. संध्याकाळी त्याने सरांना सांगितले की लिहिणारा बहुधा नोकरी सोडून गेला आहे. हे बोलताना त्याला इतका हेवा वाटला, की त्या काल्पनिक माणसाचा नवा पत्ताही विचारावासा वाटला.

गुरुवारी कस्टमरकडच्या इंद्रायणी मॅडम आल्या. मृदू बोलणाऱ्या, सुती साडीतल्या, आणि ज्यांच्या मृदूपणामुळे आजवर तीन सप्लायर काळ्या यादीत गेले होते अशा. त्यांना लाइन तीनकडे न्यायचे नाही, असे ठरले होते. त्या गेटमधून थेट लाइन तीनवर गेल्या. मागोमाग निरंजन सर, फाइल घेऊन आम्रपाली, आणि सर्वांत मागे बुद्धरत्न.

"तक्रारीनंतर नवीन काय केलंत तुम्ही?" मॅडमनी सनीला विचारले.

"मॅडम, आलेल्या पहिल्या बसमध्ये घाईने चढायचं नाही." सनीने ट्रे पुढे ओढला आणि वाकून त्याच्याकडे पाहिले. "आधी असं तोंड बघायचं. शांतपणे. आपला असला तरच घ्यायचा. मंगळवारपासून एकपण मिक्स नाही."

मॅडमनी आकडे तपासले. खरोखरच एकही नव्हता. मग त्यांनी टेबलावरचा कागद वाचायला घेतला. आधी या बाजूने, मग टेबलाला वळसा घालून त्या बाजूने. फार वेळ लागला. कोणाच्या तरी खिशात मोबाइल थरथरला आणि लगेच गप्प झाला.

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पण तयार करणाऱ्याच्या घरात नाव नाही. बेनामी कागदावर बेचाळीस जणांना ट्रेनिंग दिलंत तुम्ही. हे कोणी तयार केलंय?"

निरंजन सरांनी आम्रपालीकडे पाहिले. आम्रपालीने फाइलकडे पाहिले.

"मी," सर म्हणाले. "नाव घालायचं राहून गेलं."

"तुम्ही लिहिलंत?"

"हो. सुचतं कधीकधी."

बुद्धरत्न सुटला होता. कागदाला बाप मिळाला होता, तोही मंजूर करणाऱ्याच्या दर्जाचा. आता जन्मात कोणी त्याच्याकडे संशयाने पाहिले नसते. त्याने सुटकेचा श्वास घेण्यासाठी छाती भरून घेतली, आणि तो श्वास तिथेच अडकला. अकरा संध्याकाळी खपून त्याने त्या चौकटी आखल्या होत्या. 'सुचतं कधीकधी.'

"मग ही सातवी पायरी," मॅडमनी विचारले, "खिडकीतली मुलगी. ती कोण?"

निरंजन सरांनी सातवी पायरी आयुष्यात प्रथमच वाचली. त्यांचे कान तांबडे होत गेले. "ती प्रतीकात्मक आहे."

"आणि ही शेवटची ओळ? 'आपण रस्ता असतो तर बरे झाले असते.' याचा अर्थ काय धरायचा ऑपरेटरने?"

"म्हणजे, रस्ता." सरांनी रुमाल काढला. "आपला नाशिक हायवे. रुंदी कमी पडते. बसला रोज उशीर होतो. तर तो रुंद झाला असता तर बरं झालं असतं, असं आहे ते."

"नाही सर."

हे कोण बोलले, हे बुद्धरत्नला सगळे वळून त्याच्याकडे पाहू लागले तेव्हा कळले.

"रुंदीबद्दल नाहीये ते," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण आता मागे घेता येण्यासारखा नव्हता.

"मग कशाबद्दल आहे?" मॅडमनी विचारले.

"ते सांगता येणार नाही मला. पण रुंदीबद्दल नाहीये. ते माझं आहे. मी लिहिलंय."

सोपानरावांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि त्याच्याकडे नव्याने पाहिले. निरंजन सर काही क्षण अपमान आणि आनंद यांच्यात घुटमळले, आणि मग झटकन आनंदाच्या बाजूला गेले. "हा आमचाच मुलगा आहे, मॅडम. मी गाइड केलं त्याला." आम्रपाली कुठे पाहत होती, हे बुद्धरत्नने पाहिले नाही. तो रस्ता शोधत होता, आणि लाइन तीनला खिडकी नव्हती.

दुपारी समारोपाच्या बैठकीत इंद्रायणी मॅडमनी तक्रार बंद केली आणि दोन शेरे नोंदवले. पहिला: क्रमांक ३१७ वर चोवीस तासांत तयार करणाऱ्याचे नाव घालावे. दुसरा: कागद परिणामकारक आहे, परंतु त्याच्या पुढच्या आवृत्तीची मुदत ठरवलेली नाही, दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती काढावी, आणि न काढल्यास ती नॉन-कन्फर्मिटी, म्हणजे नियमभंग, समजली जाईल. निगडीच्या गच्चीवर ज्याला नाकारणारे कोणी नव्हते, त्याला आता थांबू न देणारे कोणीतरी भेटले होते.

सुट्टीच्या आधी तो सही करायला आम्रपालीच्या टेबलापाशी गेला. तिने कागद पुढे सरकवला, रिकाम्या घरावर बोट ठेवले, आणि त्याचे नाव पूर्ण लिहून होईपर्यंत बोट उचलले नाही.

"तुम्हाला माहीत होतं," तो कागदाकडे पाहत म्हणाला.

"रोज वीस कागद येतात तुमचे माझ्याकडे. तुमचा 'ळ' शंभरात ओळखेन मी."

"मग शिक्का का मारलात?"

"ऑडिटच्या आठवड्यात बेवारस कागद सापडला, तर त्याच संध्याकाळी पाचच्या आत एक तर श्रेडरमध्ये टाकायचा, नाहीतर नंबर द्यायचा. तिसरा पर्याय प्रोसिजरमध्ये नाही." तिने शिक्क्याची पेटी बंद केली. "श्रेडरपाशी दोनदा जाऊन आले."

"मला परत देता आला असता."

"नाव कुठे होतं त्यावर?"

तो जायला वळला तेव्हा तिने ट्रेनिंगचे रजिस्टर उघडले.

"थांबा. तुमची सही नाही यात. तयार करणाऱ्यालाही ट्रेनिंग लागतं."

"मला? माझ्याच कागदाचं?"

"नियम आहे. डॉक्युमेंट कंट्रोल देणार. उद्या सकाळी सात चाळीस, मोशीच्या स्टॉपवर. मी उद्या भोसरीला बसमध्ये चढत नाही. आधी येते मोशीला."

"पण तिथे तर नुसतं थांबायचं असतं."

"मी वाचलाय कागद," आम्रपाली म्हणाली.

शुक्रवारी तो सातलाच स्टॉपवर पोचला. कांद्याचे ट्रक चाकणच्या दिशेने सुगंध म्हणता येणार नाही असे काहीतरी मागे ठेवत चालले होते. त्याने बोलायची चार वाक्ये तयार केली होती, आणि त्यांतली तीन रिक्षातून उतरणारी आम्रपाली दिसताच विस्मरणात गेली. ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, काखेतले रजिस्टर उघडले, पेनचे टोपण काढले.

"पायरी पहिली," ती म्हणाली.

आणि बस आली. तो मोशीच्या स्टॉपवर उभा राहू लागल्यापासूनच्या तीन वर्षांत प्रथमच ती वेळेवर आली होती, किंबहुना दोन मिनिटे आधी. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मागच्या कंटेनरने त्याहून मोठा दिला, आणि दोघांना धावत चढावे लागले. एकच बाक रिकामे होते. चिंबळी फाटा आला. मग खड्डे चुकवत आम्रपालीने मांडीवर रजिस्टर उघडले, आणि त्याच्या नावापुढच्या शेऱ्याच्या घरात, बस हलत असूनही सुवाच्य अक्षरांत लिहिले: 'प्रशिक्षण अपूर्ण. उमेदवारास पुढील सूचना मिळेपर्यंत रोज बोलवावे.'